तिथीची पाऊणपट

आराम करायला जायचं ठरलं की आमच्या नात्यात आधी यादी होते. या खेपेची यादी माझ्या साडूंनी केली. ‘फुल टू आराम’ नावाचा ग्रुप काढून त्यांनी पहिल्याच रात्री त्यावर एकेचाळीस वस्तू टाकल्या आणि प्रत्येक वस्तूपुढे ती आणणाऱ्याचं नाव. माझ्या नावापुढे बॅटरी, सुतळी, डासांची अगरबत्ती, पाण्याचे दोन जार आणि ‘उत्साह’ असं लिहिलं होतं. पहिल्या चार वस्तू मी वेळेवर आणल्या.

बेत साधा होता. शनिवारी अलिबागच्या पुढे, रेवदंड्याच्या अलीकडे सुरूच्या बनात जायचं, पुळणीवर तंबू ठोकायचा, रात्र काढायची आणि रविवारी ताजंतवानं होऊन परत. हॉटेलच्या गॅलरीतून समुद्र बघणं म्हणजे हलवायाच्या दुकानाबाहेर उभं राहून जिलबी बघण्यासारखं आहे, असं साडूंचं म्हणणं. झोपायचं तर लाटांच्या शेजारी.

तारीख ठरवायला त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातलं ‘कालनिर्णय’ खिळ्यावरून उतरवलं. १९७३ सालापासून हे प्रकरण मराठी भिंतींवर आहे, पण आमच्या पिढीला त्यातले लाल चौकोन, संकष्टीचा चंद्रोदय आणि दुधाचा हिशेब लिहायची जागा एवढंच कळतं. पौष पौर्णिमा नेमकी शनिवारी येत होती. ‘चांदण्यात तंबू! आणखी काय पाहिजे?’ साडू म्हणाले. त्याच चौकोनात समुद्राचं वेळापत्रकही छापलेलं होतं. पण ते वाचता येणारा माणूस आम्हाला शनिवारी संध्याकाळी भेटायचा होता.

निघताना सामान पाहिलं तर आम्ही एका रात्रीसाठी चाललोय की बिऱ्हाड हलवतोय ते कळेना. बायकोने पोळ्यांचा डबा घेतला होता, मेव्हणीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. सासूबाई येणार नव्हत्या, तरी ‘उघड्यावर निजणार, थंडी बाधेल’ म्हणून त्यांनी डिंकाचे लाडू धाडले होते. जेवण तंबूवाल्यांकडे आगाऊ पैसे भरून सांगितलेलं होतं, ही गोष्ट वेगळी. निसर्गाच्या सान्निध्यात चाललेल्या आम्हा सहा माणसांकडे एकंदर अकरा चार्जर होते.

मुंबईहून अलिबागला जायच्या दोन तऱ्हा आहेत. एक भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने. ही २०२० साली सुरू झाली, गाडीसकट माणूस तासाभरात मांडव्याला उतरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे पनवेल, पेण, वडखळ. मी बोट सुचवली. साडू म्हणाले, ‘रस्त्याने जाऊ, वाटेत पेणला थांबता येईल.’ पेणला थांबण्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही, हे त्यांना कुणी सांगावं? पेण ते वडखळ गाडी आपली आपणच थांबते. पनवेल ते इंदापूर रस्त्याचं रुंदीकरण २०११ साली निघालं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. या वेळी गाडी तोच चालवत होता. वडखळच्या रांगेत बसून आम्ही धपाटे संपवले, पेणला घेतलेले पोह्याचे पापड कच्चेच खाऊन बघितले आणि आराम या विषयावर दोनदा भांडलो.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. सुरूच्या झाडांखाली वीस-बावीस तंबू एकमेकांना चिकटून उभे होते, कार्यालयाच्या दारातल्या चपलांसारखे. एकातला घोरला तर तिसऱ्यातल्याने कूस बदलावी इतपत अंतर. झाडांवर रंगीत दिव्यांच्या माळा. हातात कोकम सरबताचा कागदी पेला. मधोमध शेकोटीची लाकडं रचलेली, तिच्याभोवती कुणी नाही. गर्दी होती ती स्वच्छतागृहाच्या भिंतीवरच्या एकुलत्या एका विजेच्या बोर्डापाशी. तिथे माणसं आपापल्या फोनजवळ उकिडवी बसून होती. आमचे अकरा चार्जर मी पिशवीतून काढलेच नाहीत.

तिथले तयार तंबू साडूंना पसंत पडेनात. त्यांनी स्वतःचा तंबू विकत घेतला होता, चांगला सहा माणसांचा, आणि तो त्यांना बनात नको होता. समुद्र तर दूरवर सरकलेला. मधे ओल्या वाळूचं सपाट मैदान पसरलेलं. ‘एवढ्या लांबून काय लाटा ऐकू येणार?’ असं म्हणत ते बन सोडून उताराने खाली खाली जात राहिले आणि एका जागी पाय आपटून म्हणाले, ‘इथे.’

तंबूच्या पिशवीवर ‘दोन मिनिटांत उभा’ असं छापलं होतं. ती दोन मिनिटं सव्वासहाला संपली. काड्या लांब होत्या तिथे खिसे आखूड, खिसे लांब तिथे काड्या आखूड. शेवटी उभा राहिला तेव्हा दार समुद्राच्या विरुद्ध बाजूला आलं होतं, म्हणून अख्खा तंबू उचलून फिरवला. मग खुंट्यांचा प्रश्न. या खुंट्या माळरानासाठी केलेल्या असतात. वाळूत त्या केकमध्ये मेणबत्ती जावी तशा जातात आणि तशाच निघतात. साडूंनी एक खुंटी दगडाने ठोकली. ती दिसेनाशी झाली. ती अजून तिथेच असेल.

हे सगळं एक पन्नाशीचा माणूस कमरेवर हात ठेवून बघत होता. खाकी हाफ पँट, डोक्याला पंचा. तंबूंची राखण त्याच्याकडे. सगळे त्याला मामा म्हणत.

‘शेट,’ तो म्हणाला, ‘तंबू जरा वर घ्या. आज पुनव हाय. पानी येल.’

‘येणार, पण किती वाजता?’ साडूंनी फोन काढला. त्यात भरती-ओहोटी सांगणारं ॲप होतं. ॲपवर एक गोल फिरत राहिला. रेंज नव्हती.

मामाने आकाशाकडे नाही की समुद्राकडे नाही, आपल्या बोटांकडे पाहिलं. ‘पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकरा-बाराला पानी हितं.’ आणि त्याने पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ मारली. रेघ तंबूच्या बरीच वर होती.

हा हिशेब किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा वाजलेला आकडा, दिवसाचा तोच रात्रीचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ, थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढणाऱ्याचं आणि जाळं टाकणाऱ्याचं त्यावर भागतं. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली होती. ती पाठांतरं कशासाठी, असं मी लहानपणी विचारत असे. उत्तर असं चाळीस वर्षांनी ओल्या वाळूवर मिळालं. त्यातही पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, त्याला उधाण म्हणायचं. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात पडते, ती भांगाची भरती, बेतानेच येते. आणि उधाणाच्या दिवशी पाणी जितकं वर येतं तितकंच ओहोटीला लांब जातं. म्हणजे साडूंना समुद्र लांब वाटला तो समुद्राने रात्रीसाठी घेतलेली धाव होती. चांदण्यासाठी आम्ही वर्षातल्या तीनशे पासष्ट रात्रींतून नेमकी ही शोधून काढली होती.

‘बघू, बघू,’ साडू म्हणाले. हा शब्द मराठी माणूस दोनदा उच्चारतो तेव्हा विषय संपलेला असतो.

सूर्य बुडायला आला तेव्हा किनाऱ्यावर सगळ्यांची पाठ समुद्राकडे होती. कारण फोटो तसाच निघतो. सूर्याला तळहातावर घेणं, चिमटीत धरणं, तोंडात घालणं असे प्रकार सुरू होते. इतक्यात कुणीतरी ओरडलं आणि सगळा समाज सूर्य तिथेच टाकून पळाला. एका मंडळींनी आपली नवी पांढरी गाडी फोटोसाठी थेट ओल्या वाळूत उतरवली होती आणि मागची चाकं निम्मी आत गेली होती.

रुतलेल्या गाडीइतकी करमणूक समुद्रात नाही. पाच मिनिटांत तिथे साठ माणसं जमली आणि साठांनाही उपाय माहीत होता. पायपुसणी घाला. हवा काढा. हवा काढू नका. पुढे-मागे झुलवा. डाव्या बाजूने ढकला. ढकलायला सांगणारे पुष्कळ, ढकलणारे चार. शेवटी ट्रॅक्टरवाला आला. त्याने गाडीकडे पाहिलंच नाही, आधी पाण्याकडे पाहिलं आणि मग भाव सांगितला. गाडीवाल्याने घासाघीस काढली. ट्रॅक्टरवाला अजिबात घाईत नव्हता. तो खाली उतरून विडी पेटवत होता. एक लाट मागच्या चाकाला शिवून गेली. भाव पाचशेने चढला. दुसरी लाट आली तेव्हा गाडीवाल्याच्या बायकोने पर्समधून पैसे काढले. गाडी निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वळून बघतात तर सूर्य केव्हाच गेला होता.

रात्री आठला शेकोटी पेटली. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी भूगोलात पाठ केलेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. मधे काही काळ वारा ठरवत असतो. त्या काळात धूर बरोबर माझ्याकडे येत होता. मी जागा बदलली, धुरानेही बदलली. कोळशावर सळया खोवलेलं चिकन बाहेरून करपलं होतं, आतून विचार करत होतं. ध्वनिक्षेपकावर गाणी इतकी मोठ्याने लावली होती की लाटांचा आवाज ऐकायचा असेल तर समुद्रात जाऊन उभं राहावं लागलं असतं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ शेकोटीकडे पाय करून सोमवारच्या मीटिंगबद्दल फोनवर बोलत होते. त्यांना रेंज होती. साडू त्यांच्याकडे असूयेने बघत राहिले.

मी उठलो आणि बनाच्या मागे अंधारात गेलो, ज्या कामासाठी माणूस जातो त्याच कामासाठी. परतताना वाडीच्या कडेला दुसरा जाळ दिसला. तिथे मामा आणि गावातले पाचसहा जण बसले होते. पोपटी चालली होती.

रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मी नुसतं ऐकून होतो. मडकं घ्यायचं. तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. हे रानात तणासारखं उगवणारं झुडूप, वास उग्र, काहीसा ओव्याच्या जातीचा. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी, आणि मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, आणि तोंडात पाल्याचाच बोळा ठासून मडकं जमिनीवर उपडं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, तेलाचाही नाही. भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचून आग लावायची आणि गप्पा मारायच्या.

‘झालं कसं कळणार?’ मी विचारलं.

मामाने तांब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्रर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडून गेलं. ‘झालं,’ तो म्हणाला. काठीने मडकं बाजूला घेतलं, फडक्यात धरून उलटं केलं, आणि कागदावर शेंगांचा वाफाळता ढीग सांडला. शेंग सोलून दाणा तोंडात टाकला तर मऊ, खारट, धुरकट, आणि मागून तो भांबुर्ड्याचा वास. अंड्याचं कवच पिवळट पडलेलं. कुणी ताट मागितलं नाही, कुणी फोटो काढला नाही. बोलणं चाललं होतं ते शेंगा यंदा उशिरा आल्या याचं, आणि कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नाचं. मी पैसे भरलेलं जेवण जेवून आलो होतो, तरी तिथे बसून पोट फुटेस्तोवर खाल्लं. मला आराम मिळाला तो या पाऊण तासात, आणि तो यादीत नव्हता.

मामाने मधेच मान वर केली. ‘वाजलं किती?’

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

खाली गेलो तेव्हा पाणी दारात होतं. आधी चपला गेल्या. आमच्या सहा जोड्या तंबूबाहेर नीट ओळीने काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच ओळीने निघाल्या. मग बर्फाची पेटी तरंगली. साडू तंबूच्या दारात उभे राहून ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणत होते. समुद्राला की आम्हाला, ते कळलं नाही. मेव्हणी डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. पोळ्या गेल्या, लाडू राहिले. बायको मला म्हणाली, ‘तुम्ही होतात कुठे?’ त्या वेळी पोपटीचं नाव काढणं शहाणपणाचं नव्हतं. हाताला भांबुर्ड्याचा वास येत होता, तो मी पाठीमागे धरला.

तंबूत साडूंचा धाकटा गाढ झोपला होता. त्याला उठवून, काड्या काढून, घडी करून नेण्याइतका वेळ नव्हता. मग चार कोपरे चौघांनी धरले. साडू, माझा मुलगा, मी आणि मामा. आतल्या पोरासकट तंबू उचलून आम्ही चढणीला लागलो. पुढे बॅटरी घेऊन बायको, मागे लाडू घेऊन मेव्हणी. पालखीला यापेक्षा जास्त शिस्त असते, पण वजन साधारण तेवढंच. डोक्यावर अख्खा चंद्र होता, सगळी पुळण दुधासारखी उजळलेली. वर बघायची सोय कुणालाच नव्हती.

बनाच्या तोंडाशी मामा थांबला. तिथे चार ठिकाणी वाळू नुकती उकरून बुजवलेली दिसत होती आणि प्रत्येकातून दोरीचं एक टोक वर आलं होतं. खताच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरून, तोंड बांधून त्याने त्या संध्याकाळीच हातभर खोल पुरून ठेवल्या होत्या. वाळूत खुंटीपेक्षा हे टिकतं. आम्ही तंबू टेकवला, दोऱ्या चार कोपऱ्यांना बांधल्या. दोन मिनिटं लागली. पोरगं उठलं नाही. मामा ‘मी सांगत होतो’ असं म्हणाला नाही, आणि साडूंना तेच जास्त लागलं असावं.

पहाटे साडेसहाला साडूंनी सगळ्यांना हलवून उठवलं. ‘चला, समुद्रावरचा सूर्योदय!’ माहितीपत्रकात तसं छापलं होतं. बावीस तंबूंमधून माणसं ब्लँकेटं पांघरून पुळणीवर आली आणि पश्चिमेकडे तोंड करून शांत उभी राहिली. दहा मिनिटांनी कुणालातरी शंका आली. पण कुणी बोललं नाही. महाराष्ट्राचा सातशेवीस किलोमीटरचा किनारा सगळा पश्चिमेला आहे, हेही आपण भूगोलात पाठ केलेलं असतं, खाऱ्या वाऱ्यांच्या आसपासच. सूर्य उगवला तो आमच्या पाठीमागून, स्वच्छतागृहाच्या पत्र्याआडून, जिथे बादल्या घेऊन तेरा माणसं रांगेत होती. समुद्रात मात्र त्याच वेळी पुनवेचा चंद्र खाली उतरत होता. फिकट, मोठा, थोडा चेपलेला. मेव्हणी म्हणाली, ‘भाऊजी, हाही बरा आहे की.’ साडूंनी त्याचे सत्तावीस फोटो काढले आणि सूर्योदय म्हणून ग्रुपवर टाकले.

पाणी पुन्हा लांब गेलं होतं. ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घातली होती. रात्रीच्या भरतीची रेघ काटक्या, शेवाळ आणि बाटल्यांची होती, आणि ती बरोबर मामाच्या अंगठ्याच्या रेघेवर आली होती. तिथेच आमच्या चपलांपैकी तीन सापडल्या. तिन्ही डाव्या.

परतीच्या वाटेवर अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचा होता. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. पण पोहे साडेनऊला आले, अंघोळी साडेदहाला उरकल्या, आणि आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. किल्ला पाण्यात उभा होता. पंधराची पाऊणपट दिवसाही तीच असते.

घरी येऊन दोन दिवस मी अंगातली वाळू झाडत होतो. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर साडूंचा संदेश आला. पुढच्या बेताचा शनिवार त्यांनी नक्की केलाय. यादी बावन्न वस्तूंची आहे, माझ्या नावापुढे पुन्हा ‘उत्साह’ आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चौकोन बघितला. दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भांगाची भरती, आणि रात्री पावणेदोनच्या सुमारास ओहोटी. झोप लागायला हरकत नाही. तुम्हीही येत्या महिन्यात कुठल्या पुळणीवर तंबू टाकणार असाल तर आधी तिथी बघा, आणि खताच्या चार रिकाम्या गोण्या गाडीत टाका. चपला मात्र तंबूच्या आत काढा.